बालकांतील तीळ : डर्मोस्कोपीने दिसणारे कालानुरूप बदल

'मुलाचा तीळ वाढतो आहे, काही लावायला द्या,' अशी मागणी चिकित्सालयात आणि औषधालयातही वारंवार होते. सुश्रुतसंहितेत निदानस्थानाच्या १३व्या अध्यायात तिलकालक, मषक व सहज असा जतुमणी यांचे वर्णन क्षुद्ररोगांत आले असून, चिकित्सास्थानाच्या २०व्या अध्यायात त्यांसाठी शस्त्र, क्षार व अग्नी सांगितले आहेत. तथापि क्रिया करण्यापूर्वी निदान निश्चित हवे. त्यासाठी दर्शनपरीक्षेस डर्मोस्कोपची जोड उपयुक्त ठरते.

हे हातात धरावयाचे, साधारणतः दहा पट मोठे दाखविणारे प्रकाशयुक्त भिंग होय. त्यातून रंगद्रव्याची खोली समजते. ते अगदी वरच्या थरात असल्यास काळे, त्याखाली तपकिरी, तर अधिक खोल असल्यास निळसर-करडे दिसते.

स्वाभाविक बदल : बालकांच्या तिळांत बहुधा गोल कणांची रचना आढळते, प्रौढांत जाळीदार रचना अधिक दिसते. वाढत्या तिळाच्या कडेने सर्व बाजूंनी सारख्या कणांची माळ असते. बालपणी व किशोरवयात हे बहुधा वाढीचेच लक्षण असते. वाढ थांबली की ही माळ नाहीशी होते. जन्मजात तीळ शरीराच्या प्रमाणात वाढतो. त्यावर केस येणे किंवा पृष्ठभाग खडबडीत होणे हेही घडते. काही तिळांभोवती पांढरे वलय उमटून तीळ हळूहळू फिका होतो. अशा वेळी अन्यत्र श्वित्र आहे काय, हे पाहावे. स्पिट्झ प्रकारात कडेने किरणांसारख्या रेषा दिसतात. तो त्वचारोगतज्ज्ञास दाखवावा.

सावधानतेची लक्षणे : बालकांत मेलानोमा हा कर्करोग अत्यंत विरळ आहे, परंतु त्याचे रूप फसवे असते. प्रौढांसाठीचे विषम कडा व अनेक रंग हे निकष येथे अपुरे पडतात. नव्याने उद्भवलेली, झपाट्याने वाढणारी, गुलाबी वा एकाच रंगाची, रक्त येणारी गाठ आढळल्यास विलंब न करता त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे. प्रौढवयात २० सें.मी.हून मोठी होईल अशी जन्मजात खूणही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली असावी.

नोंद कशी ठेवावी : प्रथम भेटीतच तिळाशेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे व दिनांक लिहावा. पुढील छायाचित्र त्याच अंतरावरून व त्याच प्रकाशात घ्यावे. 'वाढला' हे पालकांचे म्हणणे तेव्हाच पडताळता येते.

क्षाराविषयी : क्षाराने दग्ध झालेल्या तिळाची पेशीपरीक्षा विश्वसनीय रीतीने करता येत नाही. खालचा भाग शिल्लक राहून रंग पुन्हा उमटला, तर तो डर्मोस्कोपखाली मेलानोमासारखा भासू शकतो. म्हणून संशयित तिळावर क्षारकर्म वा अग्निकर्म करू नये. काढणे आवश्यकच असल्यास तो शस्त्राने काढून पेशीपरीक्षेस पाठविण्याची व्यवस्था करावी. औषधालयचालक बंधूंनीही तिळासाठी क्षार वा दाहक लेप मागणाऱ्या पालकांस प्रथम वैद्याकडे पाठवावे. बालकांचे बहुसंख्य तीळ निरुपद्रवी असतात. त्यांस निरीक्षणाखेरीज कोणत्याही उपचाराची गरज नसते.