विहीर, शेततळे आणि मुरमाचा ढीग



गुंठा म्हणजे किती, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, झाले १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. शेजाऱ्याने वीतभर बांध सरकवला तरी आपल्या ध्यानात येते. पण जमिनीत खड्डा काढला, नाहीतर जमिनीवर ढीग घातला, की आपला हिशेब डगमगतो. तिथे लांबी-रुंदीच्या जोडीला खोली येते, आणि पैसे तर खोलीसकट मोजावे लागतात.

घरात सातवी-आठवीतले पोर असेल तर त्याला टेप आणि वही घेऊन शेजारी बसवा. त्याच्या पुस्तकातले घनफळ ते हेच.

एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच खोके म्हणजे एक घनफूट. त्यात साधारण २८.३ लिटर पाणी मावते. असे १०० घनफूट म्हणजे आपला ब्रास. मीटरमध्ये मोजाल तर एका घनमीटरात १००० लिटर, म्हणजे सुमारे ३५.३ घनफूट. एवढे पाठ असले की पुरे.

आता विहीर. पुस्तकात हिला वृत्तचिती म्हणतात. अर्ध्या व्यासाचा वर्ग, गुणिले २२ भागिले ७, गुणिले खोली. २० फूट व्यासाची ४० फूट खोल विहीर १२,५७१ घनफूट, म्हणजे जवळजवळ १२६ ब्रास. पुष्कळ जण म्हणतात, "चार फूट रुंद करून घेऊ, त्यात काय मोठं?" व्यास २४ करून पोराला हिशेब घालायला सांगा. १८१ ब्रास येतात. व्यास वाढला पाचव्या हिश्श्याने, खोदाई वाढली ५५ ब्रासने! विहीर क्वचितच बरोबर गोल असते, म्हणून व्यास दोन दिशांनी घ्यावा. आणि माप नेहमी खड्ड्याचे घ्यावे. बाहेर टाकलेली माती फुगते, तिच्यावरून ब्रास मोजले तर आपण बुडालोच.

याच विहिरीत एक फूट पाणी म्हणजे ३१४ घनफूट, सुमारे ८,९०० लिटर. एक एकर उसात दोन इंच पाणी सारखे उभे करायचे तर ७,२६० घनफूट लागते. झरा धरला नाही, तर तेवढ्यासाठी विहिरीतले २३ फूट पाणी उपसावे लागेल. पाट फोडून मोकाट पाणी सोडताना हा आकडा आठवावा.

खरी गफलत होते ती शेततळ्यात. मी स्वतः फसता फसता वाचलो आहे. तळे ३० मीटर लांब, ३० रुंद, ३ खोल. खोदणाऱ्याने कागदावर तीस गुणिले तीस गुणिले तीन केले आणि २७०० घनमीटर लिहून दिले. मीही मान हलवली. घरी आल्यावर पोराने विचारले, "पण तळाला तीस कुठंय?" खरेच की. बाजू एकास एक उताराच्या होत्या. तीन मीटर खाली जाताना प्रत्येक बाजू तीन मीटर आत येते, म्हणजे तळ २४ बाय २४ चाच.

मग वरचे ९०० आणि तळाचे ५७६ यांची सरासरी काढून खोलीने गुणले तर? २२१४ येतात. वरची आणि तळाची बाजू यांची सरासरी २७ धरून केले तर? २१८७ येतात. दोन्ही उत्तरे जवळची आहेत, पण खरे एकही नाही. यावर उपाय आपल्याकडे इ. स. ६२८ मध्येच ब्रह्मगुप्ताने ब्राह्मस्फुटसिद्धांतात सांगून ठेवला आहे. मोठ्या उत्तरातून लहान वजा करा, राहिलेल्याचे तीन भाग करा, एक भाग लहानात मिळवा. २२१४ वजा २१८७ म्हणजे २७; त्याचा तिसरा भाग ९; २१८७ अधिक ९ म्हणजे २१९६ घनमीटर. हेच बिनचूक उत्तर. कागदावरच्या आकड्यात ५०४ घनमीटर फुकटचे होते. तेवढे पाणीही तळ्यात कधी मावले नसते.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ. स. ११५०) खड्ड्यांच्या मापाचे वेगळे प्रकरणच आहे. त्यांची रीत अशी: वरचे क्षेत्रफळ, तळाचे क्षेत्रफळ आणि दोन्ही बाजूंची बेरीज घेऊन काढलेले क्षेत्रफळ (इथे ५४ गुणिले ५४, म्हणजे २९१६) हे तिन्ही मिळवा, सहाने भागा, खोलीने गुणा. करून पाहा, २१९६ च येतात. चाळीसगावजवळ पाटणच्या देवळातील शिलालेखात, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ काढल्याची नोंद आहे. म्हणजे हे गणित आपल्याच मुलखात शिकवले जात होते.

राहिला मुरमाचा ढीग. हा शंकू. पोराला पटत नसेल तर एक डबा घ्या, त्याच्याच तोंडाएवढा आणि उंचीएवढा पुठ्ठ्याचा शंकू करा, आणि ज्वारीने भरभरून डब्यात ओता. तीन वेळा ओतले की डबा भरतो. म्हणजे ढीग हा डब्याचा तिसरा हिस्सा.

ढिगाचा व्यास कोण मोजणार? म्हणून लीलावतीत परीघाचीच रीत दिली आहे. ढिगाभोवती टेप फिरवा, सहाने भागा, वर्ग करा, उंचीने गुणा. परीघ ३६ फूट, उंची ५ फूट, तर ६ गुणिले ६ गुणिले ५, म्हणजे १८० घनफूट. यात व्यासाच्या तिप्पट परीघ धरला आहे, म्हणून उत्तर थोडे जास्त येते. नेमके काढले तर १७२ भरते. आठ फुटांचा हा फरक विकणाऱ्याच्या पदरात पडतो, तेव्हा सौदा करताना तेवढा वजा धरावा.

ढीग भिंतीला लागून असेल तर टेपात अर्धाच परीघ येतो. तो दुप्पट करावा, वरचाच हिशेब करावा, आणि येईल ते उत्तर निम्मे करावे.