अ‍ॅना, डॉर्सेट आणि थोडे प्लमविषयी

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. बांधालगतच्या १० गुंठ्यांत सफरचंद आणि प्लम लावायचा विचार आहे. कोणते वाण घ्यावेत?

उत्तर : बाजारातले लालभडक रॉयल डेलिशस डोक्यातून काढून टाका. त्याला हिवाळ्यात ७ अंशांखालच्या थंडीचे हजारभर तास लागतात; निफाडचा पारा गाजतो खरा, पण तेवढी सलग थंडी तिथेही पडत नाही. तुमच्यासाठी अ‍ॅना, डॉर्सेट गोल्डन आणि एचआरएमएन-९९ हे कमी थंडीचे वाण.

अ‍ॅना इस्राएलचे. पिवळ्या सालीवर लाल झाक, चव आंबटगोड, तोडल्यावर गर पटकन मऊ पडतो. दूरच्या बाजाराला ते चालणार नाही. एकट्या अ‍ॅनाला फळही नीट धरत नाही, म्हणून मध्ये डॉर्सेटची झाडे हवीतच. दोन्ही एकाच सुमारास फुलतात. डॉर्सेटचे फळ लहान पण गोड. एचआरएमएन-९९ हे हिमाचलमधील बिलासपूरच्या हरिमन शर्मांचे वाण. त्याच्या नावाखाली काहीही विकले जाते, तेव्हा कलमाचा जोड स्वतः पाहून घ्या.

प्लममध्ये सांता रोझाचा वास आणि रस अप्रतिम, पण तो डोंगरातच शोभतो. पंजाबच्या मैदानात सतलज पर्पल येतो. त्याला परागासाठी काला अमृतसरी सोबत लागतो. काला अमृतसरी खायला बेताचाच, जॅमला मात्र उत्तम. तुमच्याकडे प्लमची दोन-चार झाडेच लावून पाहा. आणि द्राक्षाच्या सवयीने कात्री चालवू नका : सफरचंद आणि प्लम दोन्हींची बरीचशी फळे जुन्या फांद्यांवरच्या आखूड काड्यांवर येतात.