बेस जातो कुठे?

(बेंगळुरूच्या शिवाजीनगरात साउंडचं काम करणारे बेळगावकडचे मामा आणि इंजिनिअरिंगला असलेली त्यांची भाची. गणपतीतल्या ऑर्केस्ट्राची तयारी चालू आहे.)

भाची: मामा, परवाच्या ऑर्केस्ट्रात मधोमध उभी होते तर छाती धडधडत होती. पाणी प्यायला बाजूला गेले, तर बेस गायब! ऑपरेटरनं कमी केला का?

मामा: त्यानं हातही लावला नसेल. स्टेजच्या डाव्या-उजव्या कडेला बेसच्या डब्यांचे, म्हणजे सबचे, ढीग होते ना?

भाची: होते की. सगळीकडे तसेच असतात.

मामा: तिथंच घोळ आहे. आवाज सेकंदाला साधारण 345 मीटर जातो. 60 हर्ट्झची लाट किती लांब?

भाची: पावणेसहा मीटर.

मामा: दोन ढिगांत 10 मीटर अंतर धर. तू स्टेजपासून 20 मीटरवर, मधल्या रेषेवर. दोन्हीकडचं एकदम पोचतं, म्हणून जोर. आता सहा मीटर बाजूला सरक. एक ढीग वीस मीटरवर, दुसरा जवळजवळ तेवीसवर. फरक अर्ध्या लाटेचा. पाळणा एकानं ढकलायचा आणि त्याच क्षणी दुसऱ्यानं मागं ओढायचा, हलणार कसा?

भाची: मग व्हॉल्यूम वाढवला तर?

मामा: दोन्ही वाढले, खड्डा तिथंच. इक्वलायझरनंही भरत नाही. आमच्यातले कितीतरी जण इथंच डबे वाढवत बसतात, भाडंही वाढतं! वर 80 हर्ट्झचा खड्डा आतल्या बाजूला, 45 चा बाहेर. म्हणजे चार पावलांवर गाणं वेगळं.

भाची: मग सगळे सब मधोमध रचायचे.

मामा: लहान कार्यक्रमाला झकास. मोठ्या मैदानावर पुढच्या रांगेचे कान जातात, शिवाय गायक दिसत नाही. मी सहा सब स्टेजच्या पुढच्या कडेला एका ओळीत मांडतो, मध्यापासून मध्यापर्यंत दीड मीटर. सब 100 हर्ट्झपर्यंत वाजवतो, तिथली लाट साडेतीन मीटरची. डब्यांतलं अंतर तिच्या निम्म्याच्या आत हवं, नाहीतर भलत्याच दिशांना बेस फुटतो.

भाची: पण एवढी लांब ओळ आवाज सरळ पुढेच फेकेल. कडेचे लोक कोरडेच.

मामा: शाब्बास! म्हणून डिले. मधल्या दोघांना शून्य, पुढच्या जोडीला दीडेक मिलिसेकंद, टोकाच्यांना चारेक. डबे सरळच, पण कमानीत मांडल्यासारखा आवाज पसरतो. मग 60 हर्ट्झचा टोन लावून मैदान आडवं चालत जायचं, कुठं पडतो ते ऐकत. आकडे जागेवर बदलतात. भिंत असली की बदलतातच.

भाची: आणि स्टेजच्या मागं जातो त्या बेसचं काय?

मामा: शिवाजीनगरात तोच मोठा प्रश्न. बाउरिंग हॉस्पिटल, रसेल मार्केट, चिकटून घरं. तीन सबच्या ढिगात एक डबा मागं तोंड करून ठेवायचा, त्याची पोलॅरिटी उलटी, थोडा डिले. मागं तिघांचा आवाज एकमेकाला मारतो, पुढं मिळतो. पुढचा जोर किंचित घटतो, पण गायकाच्या माइकात गुरगुर शिरत नाही.

भाची: नियमाचे डेसिबल तर पाळतोच ना आपण?

मामा: 2000 सालच्या नियमांत व्यापारी भागाला दिवसा 65, रात्री 55, शांतता क्षेत्राला 50 आणि 40. पण मोजायचं ते ‘ए’ डेसिबलमध्ये, आणि ते 50 हर्ट्झला जवळपास 30 डेसिबल कमी धरतं. आकडा सभ्य दिसतो आणि शेजाऱ्याची तावदानं थरथरतात. मी मीटर ‘सी’वरही लावून बघतो, ते बेस एवढा कमी धरत नाही.

भाची: मंडळवाले मानतील? त्यांना दोन्ही बाजूंना उंच मनोरे हवेत.

मामा: मनोरे देतो की. कडेला रिकामी खोकी रचून काळं कापड घालतो. वायर मधल्या ओळीलाच.