आधी फक्की, मग नकाशा

पोरांनो,

परवा तुम्ही पाच-सहा जण घरी येऊन गेलात. बेंबळा नदीच्या काठी बाग करायची, बागेत एक स्मारक उभारायचं आणि हे सगळं गावाला विचारून करायचं, असं तुमचं म्हणणं. सोबत नकाशाही होता, रंगीत, देखणा. मी पाहिला, चांगला आहे म्हणालो आणि गप्प बसलो. एका चहात सांगून होईल अशी ती गोष्ट नव्हती. पस्तीस वर्षं बांधकामावर ओव्हरसियर म्हणून काढली, त्यातली बरीचशी नदी-नाल्यांच्या काठी गेली. आमच्या मिस्त्र्यांनी आणि गावोगावच्या म्हाताऱ्यांनी जे माझ्या कानात घातलं, ते आता तुमच्या कानात घालतो.

पहिलं सांगणं हे, की तो नकाशा सध्या गुंडाळून कपाटावर ठेवा. तयार नकाशा समोर ठेवला की लोक एकतर मान डोलावतात, नाहीतर भांडतात. आपल्याला काय हवं ते मात्र कोणी सांगत नाही. सगळं ठरून गेलंय, आपल्याला नुसतं दाखवायला आणलंय, हे त्यांना बघताक्षणी कळतं. म्हणून कोरी वही घ्या आणि काठावर जा.

काठ कधी रिकामा नसतो. गुरं घेऊन उतरणारा गुराखी असतो, गोधड्या धुणाऱ्या बाया असतात, दहाव्यासाठी आलेलं एखादं घर असतं. गणपती आणि देवी शिरवायला अख्खं गाव लोटतं. कोजागिरीनंतर पोरी भुलाबाई घेऊन येतात. मोहरमला ताजिये थंड होतात. श्रावणात तांड्यावरच्या लेकी तिजेच्या दुरड्या घेऊन पाणी शोधतात. पौषात नृसिंह सरस्वतींच्या जयंतीला गुरुमंदिरात बाहेरगावची माणसं येतात, त्यांनाही घटकाभर टेकायला सावली लागते. यातलं एकही माणूस तुमच्या नकाशात नव्हतं. झाडं होती, बाकं होती, फिरायला आलेली दोन गोरीगोमटी माणसंही काढलेली होती.

वऱ्हाडातल्याच एका गावात माझ्या हातून झालेली चूक सांगतो. नदीला पायऱ्या बांधल्या, वर पेव्हर ब्लॉक बसवले, कडेनं रेलिंग लावलं. तिथं जुना मातीचा उतार होता, तोच सोयीचा म्हणून त्याच्यावरच पायऱ्या आल्या. त्या उतारानं बैल पाण्यावर जायचे. बैल पायरी उतरत नाही. पुढचा पाय टाकतो, मान खाली घालतो आणि थबकतो. मी शेतकऱ्याचाच मुलगा, मला हे ठाऊक होतं. पण अंदाजपत्रक मार्चच्या आत संपवायचं होतं आणि विचारायला मी कोणाकडे गेलो नाही. त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला, शेतकऱ्यांनी रेलिंगचे दोन गाळे कापून बाजूला ठेवले आणि कडेच्या मातीतून बैल खाली नेले. पावसाळा संपेपर्यंत त्या जागेनं पाणी आत शिरून फरशी खचली. बारा फुटांचा उतार सोडला असता तर यातलं काहीच झालं नसतं. अजून पोळा आला की मला ते कापलेले लोखंडी गज आठवतात.

विचारायला जायची वेळही सांभाळा. कामाच्या दिवशी सकाळी अकराला सभा ठेवली तर पेन्शनर आणि पुढारीच येतील. सोयाबीन काढणीच्या दिवसांत तर नावच काढू नका. संध्याकाळी, जेवणं झाल्यावर, पारावर किंवा देवळाच्या ओट्यावर बसा. दिल्ली वेशीकडचे लोक पोहा वेशीकडे सभेला येणार नाहीत, त्यांच्याकडे तुम्ही जा. वस्ती-वस्तीत वेगळं बसा. एकाच मोठ्या सभेत मोठ्या आवाजाची चार माणसं बोलतात आणि बाकीचे ऐकून घरी जातात. बायांचं म्हणणं हवं असेल तर संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचे हळदीकुंकवाचे दिवस धरा. तुमच्यातल्या मुलींनी जावं, मुलांनी नव्हे. उजेड कुठं हवा, स्वच्छतागृह कोणत्या बाजूला हवं, कोणत्या कोपऱ्यात संध्याकाळी जायला भीती वाटते, हे त्या बोलतील. पुरुषांच्या सभेत हे प्रश्न निघताना मी कधी ऐकले नाहीत.

ऐकून झालं की मग आखणी, पण कागदावर नव्हे. हा माझा सगळ्यात मोलाचा कानमंत्र समजा. दोरी, खुंट्या आणि दोन पोती फक्की घ्या. कबड्डीचं मैदान आखतात तशी अख्खी बाग जमिनीवर खऱ्या मापात आखा: पायवाट, चौथरा, बाकं, गाड्या लावायची जागा. मग लोकांना बोलवा आणि त्यातून चालायला सांगा. नकाशा वाचता येत नाही म्हणून गप्प बसणारी माणसं चालायला लागली की बोलायला लागतात. एका ठिकाणी आम्ही असं आखलं होतं. एक आजी काठी टेकत पायवाटेनं आली, स्मारकाच्या चौथऱ्याच्या कोपऱ्याशी उभी राहिली आणि मला म्हणाली, "बाबू, इथून तिरडी कशी वळन?" स्मशानाची वाट तिथूनच जात होती. मोजणीच्या नकाशावर ती नव्हती, म्हणून आमच्याही नकाशावर नव्हती. त्या दिवशी चौथरा अकरा फूट मागं सरकला. खर्च आला तो अर्धं पोतं फक्कीचा. दगड बसल्यावर तीच गोष्ट कळली असती तर काय झालं असतं, याचा विचार करा.

पाण्याचंही म्हाताऱ्यांनाच विचारा. पूर कुठवर आला होता ते दाखवायला सांगा. माणूस भिंतीवर हात ठेवून दाखवतो, तिथं गेरूनं रेघ मारा आणि साल लिहा. अशा दहा रेघा झाल्या की नदीचं अंग कळतं. मग पाटबंधारेवाल्यांकडे जा. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, या दोन रेषा विचारा. निळ्या रेषेच्या आत बाग, मैदान, मोकळी जागा चालते, पक्कं बांधकाम चालत नाही. लहान नद्यांवर या रेषा आखलेल्याच नसतात. तसं असेल तर आखून द्या म्हणून लेखी अर्ज करा. आपली बेंबळा इथं उगमाजवळची, अंगानं बारीक. पुढं बाभूळगावकडे तिच्यावर मोठं धरण झालंय, पण आपल्याकडे ती उन्हाळ्यात दिसत नाही आणि पावसाळ्यात एका रात्रीत दांडगाई करते. बारीक नदीला कमी लेखून तिच्या पात्रात भिंत सरकवण्याचा मोह होतो. ते करू नका. पात्राची जमीन सरकारची असते, तुमच्या-माझ्या कोणाची नव्हे. सात-बारा आणि मोजणी आधी हातात घ्या.

गावाचं सांडपाणी जिथं नदीत उतरतं ते तोंड बागेच्या वरच्या अंगाला असेल तर आधी त्याची सोय मागा. वासात कोणी बसत नाही. आणि लॉन नको. आपल्या कारंज्याचं नाव करंज ऋषींवरून पडलं असं सांगतात. करंजाचं झाड नदीकाठचंच आहे, त्याची मुळं काठ धरून ठेवतात, पाण्यात चार दिवस उभं राहिलं तरी ते मरत नाही. करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन लावा.

आता स्मारक. इथं गावं फुटतात, म्हणून जपून बोलतो. कोणाचं स्मारक, हा प्रश्न पहिल्या सभेत घेऊ नका. पहिल्यांदा विचारा की पुढच्या पिढीला काय ठाऊक असायला हवं. मग बघा काय काय निघतं. कोणी वेशींचं बोलेल, कोणी जैन मंदिरांतल्या हस्तलिखितांचं, कोणी कस्तुरीच्या वाड्याचं. शकुंतला गाडीनं मूर्तिजापूरला शिकायला गेलेला म्हातारा बोलेल. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली बाई बोलेल, तिला आजवर कोणी विचारलेलंच नसेल. हे सगळं तिच्या-त्याच्या शब्दांत वहीत उतरवा. पुतळाच हवा असं गावानं एकमतानं ठरवलं तर त्याची वाट लांब आहे, हेही सांगून टाका: जागेची मालकी, नगरपरिषदेचा ठराव, पोलिसांचं ना-हरकत, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. यातलं एकही टाळून रात्रीतून पुतळा बसवला की पुढं वर्षानुवर्षं ते दुखणं होऊन बसतं.

नदीकाठी लोकांच्या हातानं काम कसं उभं राहतं, याचा आपल्या मुलखातलाच एक दाखला आहे. ऋणमोचनला पूर्णेच्या काठी पौषातल्या रविवारी यात्रा भरते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथं घाट नव्हता, भाविक चिखलातून घसरत पाण्याशी जायचे. डेबूजी जानोरकर नावाच्या तरुणानं तिथं स्वतः माती टाकायला सुरुवात केली. बघणारे लोक घमेली घेऊन पुढं झाले, आणि १९०८ च्या सुमारास पक्का घाट उभा राहिला. तेच पुढं गाडगेबाबा. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांनी देह ठेवला तोही वलगावजवळ, पेढी नदीच्या काठी. नदीकाठचं काम लोकांना घेऊन कसं करायचं, हे शिकायला मला दुसरीकडे जावं लागलं नाही. त्यांनी आधी पाहिलं की माणूस कुठं घसरतो आणि कामाला तिथूनच हात घातला.

मोठ्या शहरांकडेही बघा, पण नीट बघा. पुण्यात मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठाचं काम काढलं, मार्च २०२२ मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. एप्रिल २०२३ मध्ये हजारो पुणेकर काठावरच्या झाडांसाठी रस्त्यावर उतरले. झाडांना मिठी मारून उभे राहणारे ते लोक नदीचे शत्रू नव्हते. झाडं, पुराची पातळी, भिंती यांवरचं बोलणं आखणीच्या आधी पुरतं झालं असतं तर ते रस्त्यावर करावं लागलं नसतं, असं माझं मत आहे. आपल्या गावात तो वेळ अजून आपल्या हातात आहे.

एक काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळू नका. प्रत्येक सूचनेची नोंद ठेवा: कोणत्या वस्तीत आली, काय आली, घेतली की नाही, नसेल तर का. मग त्याच पारावर परत जा आणि ती वही मोठ्यानं वाचा. नाही म्हणायला संकोच करू नका. "तुमचं व्यायामशाळेचं म्हणणं निळ्या रेषेमुळं बसत नाही" असं तोंडावर सांगितलेलं माणूस मान्य करतो. उत्तरच न मिळालेला माणूस पुन्हा सभेला येत नाही आणि शेजाऱ्यालाही येऊ देत नाही. लेखी सूचना-हरकतींची कायदेशीर मुदत जाहीर झाली की तीही घरोघर सांगा. वर्तमानपत्रातली बारीक अक्षरातली जाहिरात गोधडी धुणाऱ्या बाईपर्यंत पोचत नाही.

आणि श्रमदान ठेवा. जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेच्या दिवसांत आपल्या तालुक्यातल्या गावांनी पंचेचाळीस दिवस कुदळी चालवल्या, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. ज्यानं खड्डा खणून झाड लावलं तो त्या झाडाला शेळी लागू देत नाही. पण सगळं श्रमदानावर सोडू नका. पाणी कोण घालणार, दिव्यांचं बिल कोण भरणार, फाटकाची किल्ली कोणाकडे, याचा पाच वर्षांचा हिशेब नगरपरिषदेच्या ठरावात लिहून घ्या. उद्घाटनाला पैसे मिळतात, झाडूला मिळत नाहीत.

पोळा जवळ आलाय. आदल्या दिवशी सकाळी सहाला काठावर या. नकाशा घरीच ठेवा. वही, दोरी आणि मोजपट्टी आणा. मीही येतो, बैल कुठून उतरतात ते आधी मोजून घेऊ.