चाळीस हजारांची व्हायल आणि त्रेचाळीसचा बँड

ज्या अँटिबॉडीपायी माझ्या हाताला, माझ्या लायसेटला आणि शेवटी माझ्या सचोटीलाही नावं ठेवली गेली, तिच्या डेटाशीटवर तो सुबक ब्लॉट आजही तसाच आहे. अजून कुणीतरी तो बघून इंडेंट भरत असेल. म्हणून हे लिहिते आहे.

विषय एटी-वन रिसेप्टरचा. लोसार्टन, टेल्मिसार्टन या रक्तदाबाच्या गोळ्या ज्याला अडवतात तोच. 359 अमिनो आम्लं, पेशीच्या पटलातून सात वेळा आरपार, हिशेबाने सुमारे 41 किलोडाल्टन. आहारातल्या मिठाने उंदराच्या मूत्रपिंडात तो कमी-जास्त होतो का, हे मला बघायचं होतं. अँटिबॉडी आयातीची होती. तीन कोटेशनं, परचेस कमिटी, कस्टम्स, आणि शेवटी जेल पॅकच्या खोक्यातून आलेले 100 मायक्रोलिटर. किंमत जवळपास चाळीस हजार.

पहिल्याच ब्लॉटला 43च्या आसपास बँड आला. काळाभोर, सुईसारखा बारीक. सगळे खूश झाले. मला मात्र तो बारीकपणाच खटकत होता. या रिसेप्टरवर साखरेच्या साखळ्या चढायच्या तीन जागा आहेत. असं प्रथिन जेलवर पसरट, धुरकट पट्टा देतं. हा बँड तसा नव्हताच. शिवाय मीठ वाढवा, कमी करा, तो ढिम्म. अॅड्रिनलमध्ये रिसेप्टर भरपूर असायला हवा, तिथेही तेवढाच. लॅब मीटिंगमध्ये हे बोलून दाखवलं तर उत्तर आलं, ‘मेम्ब्रेन नीट धुतला नसशील.’ पुढच्या मीटिंगला पुन्हा तेच. सरांचंही मत हळूहळू तिकडेच झुकायला लागलं, हे मला जास्त लागलं.

मग मी एचईके 293 या मानवी पेशी काढल्या. या पेशींत हा रिसेप्टर मुळात जवळजवळ नसतोच. एका डिशला रिकामा प्लाझ्मिड दिला, दुसरीला एचए टॅग लावलेला रिसेप्टर. त्याच लायसेटचे दोन ब्लॉट केले. एक एचएच्या अँटिबॉडीने, दुसरा या चाळीस हजारांच्या.

एचएच्या ब्लॉटवर रिकाम्या प्लाझ्मिडची लेन स्वच्छ होती. शेजारच्या लेनमध्ये 50च्या वर पसरत गेलेला जाड, धुरकट पट्टा. रिसेप्टर असाच दिसायला हवा होता. दुसऱ्या ब्लॉटवर 43चा तोच बारीक बँड दोन्ही लेनमध्ये, सारखाच काळा. आणि जिथे तो धुरकट पट्टा असायला हवा होता तिथे काहीच नाही. एक्स्पोजर वाढवत नेलं, तरी नाही. म्हणजे जिथे रिसेप्टर नाही तिथे ही अँटिबॉडी बँड दाखवत होती आणि जिथे तो ठासून भरलेला होता तिथे तिला तो दिसतच नव्हता. मी तो फोटो मोठा करून कितीतरी वेळ बघत बसले. इतके दिवस मीठ खाल्लेल्या उंदरांत मी नेमकं काय मोजत होते, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजही नाही.

फोटो कंपनीला पाठवले. त्यानंतरचा पत्रव्यवहार आठवला की अजून डोकं तापतं. आधी सांगितलं, दुधाऐवजी बीएसएने ब्लॉक करा. केलं. मग डायल्यूशन बदला. बदललं. मग म्हणाले, उंदरात एटी-वन-ए आणि एटी-वन-बी असे दोन प्रकार असतात, तुम्ही दुसराच बघत असाल. अहो, मी मानवी पेशींचा ब्लॉट पाठवला होता! मग ही अँटिबॉडी वापरलेल्या शोधनिबंधांची लांबलचक यादी आली. डिस्ट्रिब्युटरचा माणूस लॅबमध्ये येऊन सगळ्यांदेखत म्हणाला, ‘मॅडम, बाकी कुठल्याच लॅबची तक्रार नाही. तुमच्या पाण्याचं काही बघा.’ शेवटी तक्रारीची मुदत संपल्याचं कळवलं, आणि मेहरबानी म्हणून त्याच लॉटची दुसरी व्हायल देऊ केली.

आणि हे सगळं 2013 सालीच ‘हायपरटेन्शन’ या नियतकालिकात छापून आलेलं होतं. एटी-वनच्या बाजारात मिळणाऱ्या तीन अँटिबॉड्या तिथे तपासल्या होत्या. दोन्ही प्रकारचे रिसेप्टर काढून टाकलेल्या उंदरांतही बँड तसेच्या तसे आले. एचईकेमधल्या टॅग लावलेल्या रिसेप्टरला तिघींपैकी एकीनेही ओळखलं नाही. मी तो निबंध सरांपुढे ठेवला, तेव्हा कुठे माझ्या हाताबद्दलची चर्चा थांबली.

नव्याने काम सुरू करणाऱ्यांना सांगायचं ते असं. योग्य वजनाला बँड आला, एवढ्यावर भुलू नका. जिथे ते प्रथिन नाही असा नमुना पहिल्याच ब्लॉटमध्ये हवा. नॉकआउट मिळाला तर उत्तम, नाहीतर एचईकेची जोडी. ब्लॉकिंग पेप्टाइड वेगळे पैसे घेऊन विकतात, त्यावर विसंबू नका. पेप्टाइड अँटिबॉडीला धरून ठेवतं, त्यामुळे खरा-खोटा कुठलाही बँड जातो. त्याने काही सिद्ध होत नाही. पीएनजीएज एफ देऊन बघा, साखर निघाली की खऱ्या रिसेप्टरचा पट्टा खाली सरकायला हवा. सात वेळा आरपार जाणारं प्रथिन 95 अंशांवर उकळू नका, ते गोळा होऊन वेलमध्येच अडकतं. 37ला अर्धा तास पुरतो. फ्लो सायटोमेट्री करणार असाल तर इम्युनोजेन कुठला ते आधी वाचा. रिसेप्टरच्या पेशीच्या आत असलेल्या शेपटीविरुद्ध बनवलेली अँटिबॉडी जिवंत, अखंड पेशीला बाहेरून रंगवत असेल तर ती दुसऱ्याच कशाला तरी चिकटते आहे.

व्हायल आली की लगेच अलिकोट करा, लॉट नंबर वहीत लिहा, तपासणी मुदतीच्या आत उरका.

हे एका रिसेप्टरपुरतं नाही. 2023 साली वायकॅरॉस या गटाने 65 प्रथिनांच्या 614 अँटिबॉड्या नॉकआउट पेशींवर तपासल्याचं प्रसिद्ध झालं. मोठ्या संख्येने त्या नापास झाल्या. रिकॉम्बिनंट अँटिबॉड्या पॉलिक्लोनलपेक्षा सरस ठरल्या. काही कंपन्यांनी निकाल बघून माल मागे घेतला, म्हणजे मनात आणलं तर जमतं. मला मात्र पाण्याची तपासणी करायला सांगितलं गेलं.

आता मी रिसेप्टर मोजायला किरणोत्सारी लिगँडचं बाइंडिंग वापरते, लोसार्टनने लिगँड सुटतो की नाही हे बघून. काम किचकट आहे, परवानग्या लागतात, पण आकड्यावर विश्वास ठेवता येतो. अँटिबॉडी घ्यायचीच झाली तर त्याच कॅटलॉग नंबरचा नॉकआउटवरचा ब्लॉट डिस्ट्रिब्युटरकडून लेखी मागते. ‘कंपनीकडून मागवून देतो’ असं म्हणून तो आठवडाभर गप्प बसला, तर ते कोटेशन परचेस कमिटीपर्यंत जातच नाही.