लँकशायरच्या जुन्या मालमोटारी

लँकशायर हा इंग्लंडच्या वायव्येकडील परगणा आमच्या विद्यार्थ्यांस भूगोलाच्या पुस्तकांतून ठाऊक आहे. दमट हवा, दगडी कोळसा, कापडाच्या गिरण्या आणि लिव्हरपूलचें बंदर, इतकें लिहिलें कीं परीक्षेंतील प्रश्नाचें उत्तर पुरें होतें. परंतु बंदरांत उतरलेली कापसाची गांठ ओल्डहॅमच्या सूतगिरणीच्या दाराशीं कशी पोंचत असे, तेथील सूत ब्लॅकबर्न किंवा बर्न्ली येथील मागांकडे कोण नेत असे, आणि विणलेलें कापड मँचेस्टरच्या वखारींत कोण आणून टाकी, हें पुस्तक सांगत नाहीं. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या वर्षांत आपल्याकडील कापूसहि मुंबईहून त्याच गिरण्यांकडे गेला. तेव्हां ही विचारपूस अगदींच परक्याची नव्हे.

प्रथम हें काम कालवे, आगगाड्या व घोड्यांच्या गाड्या करीत. यंत्राची गाडी रस्त्यावर आणणें मोठें कठीण होतें. १८६५ च्या कायद्यानें अशा गाडीस गांवांत ताशीं २ मैल व गांवाबाहेर ४ मैल एवढीच गति दिली होती, आणि तिच्यापुढें तांबडें निशाण घेतलेला मनुष्य चालवावा लागे. पुढें १८९६ सालीं हा जाच सैल झाला, व त्याच वर्षीं लेलँड नांवाच्या गांवीं जेम्स समनर व हेन्री स्परियर यांनीं लँकशायर स्टीम मोटर कंपनी काढली. समनर हा लोहाराच्या घरचा. गवत कापण्याचें वाफेचें यंत्र त्यानें त्यापूर्वींच केलें होतें. कंपनीची पहिली गाडी दीड टन ओझ्याची व वाफेची होती. १९०४ सालीं तिनें पेट्रोलची पहिली गाडी केली. तिला लोकांनीं ‘डुक्कर’ म्हणावयास आरंभ केला. टोपणनांवें ठेवण्यांत आमच्या आठवीच्या वर्गाचाच हातखंडा आहे असें नव्हे! १९०७ सालीं कंपनीनें लेलँड मोटर्स हें नांव घेतलें.

वाफेची लॉरी चालविणें म्हणजे लहानसें इंजिन सांभाळणें होय. पहाटे उठून भट्टी पेटवावी, दाब चढेपर्यंत वाट पाहावी, मग निघावें. वाटेंत ओढा किंवा तळें दिसेल तेथें नळी सोडून टांकींत पाणी ओढून घ्यावें. चाकांच्या धावा भरीव असत, आणि गिरण्यांच्या गांवांतले रस्ते दगडी फरशीचे. अंगाचीं हाडें कशीं खिळखिळीं होत असतील याची कल्पना करावी.

पहिल्या महायुद्धांत लेलँडनें सैन्यास सुमारें ६,००० गाड्या दिल्या. युद्ध संपतांच त्या लष्करी गाड्या स्वस्तांत विकावयास निघाल्या, आणि येथूनच आमच्या विषयाची खरी कथा सुरू होते. सैन्यांत लॉरी चालवावयास शिकलेला तरुण घरीं परतला, तों धंदा कोठें दिसेना. मग पदरचे चार पैसे घालून त्यानें एक जुनी लॉरी घ्यावी, घरामागील मोकळ्या जागेंत ती उभी करावी, आणि मिळेल तो माल मिळेल तेथें पोंचवावा. अशा लहान लहान पेढ्या गांवोगांव निघाल्या. इकडे आपल्या नांवाच्या मोडक्या गाड्या रस्त्यावर फिरून लौकिक जाईल या भयानें लेलँडनें पुष्कळ लष्करी गाड्या परत विकत घेतल्या व दुरुस्त करून विकल्या. यांत कंपनी बुडतां बुडतां वांचली.

या पेढ्यांपैकीं कांहींचीं नांवें टिकलीं आहेत. लेलँडच्या जॉन फिशविकनें १९०७ सालीं वाफेच्या गाडीवर मालवाहतूक आरंभिली. ती पेढी पुढें बसगाड्यांकडे वळली, व २०१५ सालीं बंद झाली. ब्लॅकबर्नची बाउकर ही पेढी १९१९ ची. लॉरीच्या दारावर मालकाचें नांव व गांव रंगाऱ्याकडून सुबक अक्षरांत लिहवून घेत. त्या अक्षरांचा व रंगाचा अभिमान मोठा असे. दुरून रंग पाहूनच कोणाची गाडी हें ओळखू येई.

चालकाचें काम केवळ चाक धरण्याचें नव्हतें. उघड्या लॉरीवर माल रचणें, त्यावर ताडपत्री पसरणें, दोरखंड आवळून बांधणें हें सर्व त्यानेंच करावें. गांठ सुटली तर माल भिजे, आणि भिजल्या मालाचा दोष त्याच्या माथीं. जड लॉरीस कायद्यानें ताशीं २० मैलांचीच मर्यादा होती, ती १९५७ पर्यंत चालली. किती वेळ चालवावें याला १९३० पूर्वीं बंधन नव्हतें; त्या वर्षींच्या कायद्यानें सलग साडेपांच तासांहून व २४ तासांत ११ तासांहून अधिक चालविण्यास मनाई केली. उत्तरेस स्कॉटलंडकडे जाणाऱ्यास शॅपचा डोंगर चढावा लागे. हिवाळ्यांत तेथें बर्फ सांचलें म्हणजे लॉऱ्या अडकून पडत.

आगगाडीच्या कंपन्यांना हे नवे प्रतिस्पर्धी सलत होते. १९३३ च्या कायद्यानें लॉऱ्यांचे अ, ब व क असे तीन प्रकारचे परवाने ठरले. भाड्यानें दुसऱ्याचा माल वाहणारास ‘अ’, स्वतःच्या मालाबरोबर दुसऱ्याचाहि वाहणारास मर्यादित असा ‘ब’, आणि केवळ स्वतःचाच माल नेणारास ‘क’. एखाद्याला आणखी एक लॉरी भाड्यानें चालवावयाची असली तरी तिची गरज आहे हें अधिकाऱ्यापुढें सिद्ध करावें लागे, आणि रेल्वेला तेथें हरकत घेतां येई. एकीकडे रेल्वेचे वकील, दुसरीकडे हाताला तेल लागलेला एक मनुष्य! हा सामना आम्हांस समान वाटत नाहीं. तथापि अनिर्बंध चढाओढीनें भाडीं उतरलीं होतीं, व चालक झोंपेवांचून राबत होते, हेंहि खरें.

मोठा घाव १९४७ च्या कायद्यानें बसला. मुख्यतः लांब पल्ल्याची वाहतूक करणाऱ्या पेढ्या सरकारनें मोबदला देऊन ताब्यांत घेतल्या, आणि १९४८ पासून ब्रिटिश रोड सर्व्हिसेस या संस्थेंत त्या मिळाल्या. दारावरचें बापाचें नांव पुसून तेथें एकच सरकारी नांव आलें. ज्या पेढ्या आपल्या ठिकाणापासून २५ मैलांच्या आंतच वाहतूक करीत, त्या वांचल्या. १९५३ च्या कायद्यानें पुष्कळ लॉऱ्या पुन्हां खाजगी मालकांस विकल्या गेल्या. कित्येकांनीं नव्यानें आरंभ केला, परंतु सर्वांना तें वय राहिलें नव्हतें.

५ डिसेंबर १९५८ रोजीं प्रेस्टनचा वळणरस्ता खुला झाला. ब्रिटनमधील पहिला मोटरवे तो हाच, आणि तोहि लँकशायरांतच. १९७० सालीं शॅपवरून नवा मोटरवे गेला, तेव्हां जुना घाट ओस पडला. लेलँड गांवांत १९८३ सालीं जुन्या मालवाहू गाड्यांचें संग्रहालय उघडलें.

लेलँडनें आपल्या गाड्यांस प्राण्यांचीं नांवें दिलीं होतीं: बीव्हर, हिप्पो, आणि आठ चाकांची ती ऑक्टोपस. १९४७ च्या नव्या गाडीस मात्र ‘कॉमेट’, म्हणजे धूमकेतु, हें नांव मिळालें. मद्रासच्या अशोक मोटर्सनें लेलँडशीं करार केला, १९५५ सालीं ती अशोक लेलँड झाली, आणि कॉमेट तेथें बनूं लागली. आम्ही लहान असतां घाटाच्या चढावर रात्रीं जी लॉरी कण्हत, धूर सोडीत वर येत असे, आणि जिचा आवाज अंथरुणांत पडल्या पडल्या आम्हीं ऐकला आहे, तिचें माहेर हें लँकशायर.