दुभत्या जनावरांना औषध देताना : चिठ्ठीपासून दुधापर्यंत



मावळ तालुक्यात पावसाळा म्हणजे भात लावणीची धांदल आणि त्याच सुमारास गोठ्यातील आजारांचा हंगाम. पवन मावळ, नाणे मावळ व आंदर मावळात ओल्या गोठ्यामुळे कासदाह, म्हणजे दगडी, बळावते. खाचरातील गोगलगाईंमार्फत यकृतातील चपट्या कृमींचा प्रसार होतो. भर पावसात वडगाव, कामशेत किंवा लोणावळ्याहून डॉक्टर वाडीवर पोहोचायला वेळ लागतो. अशा वेळी मागची उरलेली बाटली बाहेर निघते किंवा शेजाऱ्याच्या म्हशीला लागू पडलेले औषध आपल्या गाईला दिले जाते. यात पैसा वाया जातो, कधी जनावर दगावते, आणि औषधाचा अंश दुधातून घरच्या मुलांच्या पोटात जातो. म्हणून पुढील गोष्टी प्रत्येकाने समजून घ्याव्यात.

चिठ्ठी कशी वाचावी?

औषधाच्या वेष्टनावर लाल उभी रेघ असल्यास ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. चिठ्ठीवर औषधाचे नाव, मात्रा, देण्याचा मार्ग, वेळा व दिवस या पाच गोष्टी असतात. ‘ओ.डी.’ म्हणजे दिवसातून एकदा, ‘बी.डी.’ म्हणजे दोनदा व ‘टी.डी.एस.’ म्हणजे तीनदा. ‘आय.एम.’ म्हणजे स्नायूत, ‘आय.व्ही.’ म्हणजे शिरेत आणि ‘एस.सी.’ म्हणजे कातडीखाली. दोनदा म्हणजे बारा तासांच्या अंतराने. सकाळ-संध्याकाळच्या धारेची वेळ धरल्यास विसर पडत नाही. अक्षर लागले नाही तर अंदाज न करता डॉक्टरांना विचारावे.

वजनानुसार मात्रा

मात्रा जनावराच्या वजनावर ठरते. काटा नसेल तर साधी टेप वापरावी. पुढच्या पायांमागून छातीचा घेर व खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचात मोजावी. घेराला घेराने गुणावे, आलेल्या आकड्याला लांबीने गुणावे व ६६० ने भागावे. उत्तर किलोत येते. घेर ६० इंच व लांबी ५५ इंच असल्यास वजन सुमारे ३०० किलो भरते.

समजा, एका जंतनाशकाची मात्रा किलोला १० मिलिग्रॅम आहे. या गाईला ३,००० मिलिग्रॅम औषध लागेल. बाटलीवर ‘एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम’ लिहिले असेल तर ३० मिलिलिटर पुरेल. तेच औषध २५ मिलिग्रॅमचे असेल तर १२० मिलिलिटर लागेल. म्हणून ‘एक झाकण’, ‘अर्धी बाटली’ असे माप धरू नये. मात्रा कमी पडली तर जंत मरत नाहीत व पुढे त्या औषधाला दाद देत नाहीत. जनावर गाभण असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. काही जंतनाशके गर्भाला घातक ठरतात.

औषध पाजताना

१) जनावराचे तोंड पाठीच्या रेषेपेक्षा फार वर उचलू नये.
२) जीभ बाहेर ओढून धरू नये. त्यामुळे गिळता येत नाही.
३) औषध गालाच्या कोपऱ्यातून थोडे थोडे ओतावे व प्रत्येक घोट गिळू द्यावा.
४) ठसका लागताच थांबून तोंड खाली सोडावे. औषध श्वासनलिकेत गेल्यास फुप्फुसाला सूज येऊन जनावर दगावू शकते.
५) आडव्या पडलेल्या, गिळता न येणाऱ्या जनावराला काहीही पाजू नये.

इंजेक्शन आणि सडातील औषध

शिरेतून द्यायची औषधे डॉक्टरांकडूनच द्यावीत. दुधाच्या तापात दिले जाणारे कॅल्शियम भरभर गेले तर हृदय बंद पडू शकते. दगडीवरील ट्यूब सोडण्यापूर्वी ते सड पूर्ण पिळून काढावे, टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे व नंतरच ट्यूब सोडावी. सूज उतरली म्हणून औषध मध्येच बंद करू नये. सांगितलेले सर्व दिवस पुरे करावेत.

दूध कधी विकावे?

औषधाचा अंश काही काळ दुधात उतरतो आणि उकळल्याने तो नाहीसा होईलच असे नाही. प्रतिजैविक असलेल्या दुधाचे दही नीट लागत नाही, हा अनुभव अनेकांना असेल. औषधानंतर किती दिवस दूध वापरू नये, हे वेष्टनावर पाहावे. औषधाचा असा ठराविक काळ निश्चित झालेला नसल्यास २०१२ च्या नियमानुसार दुधासाठी किमान ७ दिवस व मांसासाठी २८ दिवस थांबावे लागते. एकाच सडात औषध सोडले असले तरी चारही सडांचे दूध वेगळे काढावे. ते लोणावळ्याच्या हॉटेलला, डेअरीला किंवा घरातल्या पोराला देऊ नये, वासरालाही पाजू नये. उपचार चालू असलेल्या जनावराच्या पायाला रंगीत चिंधी बांधावी, म्हणजे धार काढणाऱ्या प्रत्येकाला कळेल.

बंदी असलेली औषधे

वेदनाशामक डायक्लोफेनॅक जनावरांसाठी वापरण्यावर २००६ मध्ये बंदी आली. हे औषध दिलेल्या मेलेल्या जनावराचे मांस खाऊन गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होते व ती मरतात. २०२३ मध्ये केटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक यांच्यावरही जनावरांसाठी बंदी आली. माणसांच्या दुकानातून आणून ही औषधे टोचू नयेत. गिधाडांना सुरक्षित असलेले मेलोक्सिकॅम डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरता येते.

नोंद ठेवा

गोठ्यात एक वही टांगावी. तारीख, जनावर, औषध, मात्रा आणि दूध पुन्हा सुरू करण्याची तारीख तीत लिहावी. दुसऱ्या खेपेस डॉक्टर आले की हीच वही त्यांना उपयोगी पडते. मुदत संपलेली व उघडी राहिलेली औषधे ठेवू नयेत. लसी बर्फाच्या डब्यातूनच आणाव्यात, पण गोठू देऊ नयेत. अडचणीच्या वेळी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी किंवा १९६२ या क्रमांकावर संपर्क साधावा.